दोघेही आधीच दुखावलेले असतील, तर नाते पुढे कसे न्यावे?

निशिगंध

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, वय २१. हा प्रश्न लिहायला मला तीन आठवडे लागले. त्याचे कारण प्रश्नातच दडलेले आहे, म्हणून आधी तेच सांगते.

अठराव्या वर्षी ज्या मुलावर माझे प्रेम होते, त्याने मी त्याला लिहिलेले खासगी मेसेज मित्रांच्या घोळक्यात मोठ्याने वाचून दाखवले. मी नेमकी त्याच वेळी जिना उतरत होते. माझे वाक्य मी परक्या आवाजात ऐकले, आणि त्यामागून उसळलेले हसूही ऐकले. ‘तू बोलला नाहीस तर माझा दिवस उगवतच नाही,’ असे ते वाक्य होते. तेव्हापासून कोणालाही मनातले काही लिहायला घेतले की मला तो जिना आठवतो आणि मी लिहिलेले पुसून टाकते.

गेल्या वर्षी प्रकल्पाच्या गटात माझी एका मुलाशी ओळख झाली. मी वाक्य अर्धवट सोडले की बाकीचे लोक ते स्वतःच पूर्ण करून मोकळे होतात. हा मात्र थांबतो. त्या थांबण्यामुळेच मी त्याच्याकडे ओढली गेले असावे. आम्ही आता आठ महिने सोबत आहोत. एकदा संध्याकाळी त्याने सांगितले की, तो नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील ‘दोन दिवसांत येतो’ असे सांगून गेले आणि चार महिन्यांनी आले. नंतर पुन्हा एकदा ‘दोन दिवसांत येतो’ म्हणून गेले, ते आलेच नाहीत. एवढे त्याने चारपाच वाक्यांत सांगितले आणि लगेच परीक्षेच्या वेळापत्रकाचा विषय काढला.

अडचण अशी आहे की, आमच्यात काही गंभीर बोलणे झाले, किंवा तो मला किती आवडतो हे मी बोलून दाखवले, की तो दोनतीन दिवस गप्प होतो. तो रागावलेला नसतो, वर्गातही येतो, पण बोलत नाही. आणि मग मी विचारत सुटते, ‘रागावला नाहीस ना?’ गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी हे ११ वेळा विचारले, नंतर फोनमध्ये मोजले. आधी ‘नाही’ असे उत्तर आले, मग ‘नाही गं’, आणि पुढे उत्तर येणेच थांबले. त्या आकड्याची मला लाज वाटते.

मी त्याला जिन्यावरचा प्रसंग सांगावा का, आणि सांगायचा तर किती? त्याचे गप्प होणे कसे सोसावे? माझी मैत्रीण म्हणते की, तुम्ही दोघांनी आधी आपापले दुःख निस्तरावे आणि मगच प्रेमाचा विचार करावा. हे खरे आहे का?

काठावरची

निशिगंध, तीन आठवड्यांनी का होईना, तुम्ही हे पुसून न टाकता इथे लिहिलेत याचे मला मनापासून बरे वाटले. महाविद्यालयातल्या मुलामुलींच्या समुपदेशनाचे काम मी बरीच वर्षे करते आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

तुमचे लिहिणे दोनदा वाचल्यावर एक गोष्ट जाणवली. तुम्हा दोघांच्याही जखमा शब्दांनीच झालेल्या आहेत, फक्त उलट्या बाजूंनी. तुम्ही खरे शब्द लिहिलेत आणि ते चव्हाट्यावर आले. त्याला खोटे शब्द दिले गेले आणि त्यांवर विसंबून तो वाट पाहत बसला. म्हणून तुम्हाला शब्द देण्याची भीती वाटते आणि त्याला शब्द घेण्याची. तुम्ही ‘रागावला नाहीस ना’ असे विचारता, तेव्हा तुम्ही त्याच्याकडे शब्दच मागत असता. ज्याने लहानपणी शब्दांची किंमत शून्य होताना पाहिली, त्याला अकराव्यांदा ‘नाही’ म्हणण्यात काही अर्थच वाटत नसेल. तुमची चूक नाही आणि त्याचीही नाही, पण हे असेच चालू राहिले तर दोघेही थकून जाल.

जवळच्या माणसाशी असलेल्या बंधाचा विचार ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडला. ‘अटॅचमेंट’ हा त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी साधारण वर्षभराच्या बाळांचे निरीक्षण केले. आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते आणि परत येते, एवढाच प्रसंग असे, पण एन्सवर्थ यांचे लक्ष ती परत आल्यावर बाळ काय करते याकडे होते. काही बाळे आईला बिलगून शांत होत आणि पुन्हा खेळायला लागत. काही बिलगत आणि चिडतही, त्यांची समजूत काही केल्या पटत नसे. काही बाळे मात्र आईकडे पाठ फिरवून खेळण्यात रमल्यासारखी दिसत, जणू ती गेलीच नव्हती. पुढे अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजण्यात आले, तेव्हा वरून शांत दिसत असतानाही ते वाढलेले आढळले. तुमचा मित्र गप्प होतो तेव्हा हे वाढलेले ठोके आठवत जा.

१९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी हाच विचार मोठ्या माणसांच्या प्रेमाला लावून पाहिला. वर्तमानपत्रात छापलेल्या त्यांच्या प्रश्नावलीला ज्यांनी उत्तरे दिली, त्यांपैकी सुमारे ५६ टक्के लोकांना जवळीक सहज वाटत होती, सुमारे २५ टक्के लोक जवळीक टाळणारे होते आणि सुमारे १९ टक्के लोकांना सोडून दिले जाण्याची धास्ती होती. हे आकडे मी एवढ्याचसाठी सांगते की, तुम्ही दोघे जगावेगळे नाही. मात्र ‘तो टाळणारा आणि मी धास्तावलेली’ अशा चिठ्ठ्या एकमेकांच्या कपाळावर चिकटवू नका. त्याच माणसाची वागणूक दुसऱ्या नात्यात, दुसऱ्या वर्षी निराळी असू शकते.

तुमच्या मैत्रिणीचा सल्ला प्रेमापोटीच आहे, पण तो मला अर्धाच पटतो. मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रौढांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या बालपणाविषयी विचारले. त्या कामातून पुढे आलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. बालपण किती वाईट गेले यापेक्षा, ते आज माणसाला सलगपणे सांगता येते का, हे अधिक महत्त्वाचे ठरत होते. वाईट लपवायचे नाही आणि त्यात वाहूनही जायचे नाही, असे ते सांगणे असते. असे सांगणे एकट्याने खोलीत बसून क्वचितच साधते. त्याला ऐकणारे कोणीतरी लागते, मग तो मित्र असो, शिक्षक असो, समुपदेशक असो किंवा जोडीदार. म्हणून ‘आधी पूर्ण बरे व्हा’ ही अट मी घालणार नाही. विश्वास हा विश्वास ठेवूनच शिकावा लागतो, आणि तो ठेवायला समोर माणूस असावा लागतो.

जिन्यावरचा प्रसंग सांगा, पण मेसेजमधून नको. समोरासमोर सांगा, आणि सांगण्याआधी तुम्हाला काय हवे ते स्पष्ट करा. ‘मला सल्ला नको, तू फक्त ऐक आणि हे आपल्या दोघांतच राहू दे,’ एवढे बोललात तरी पुरे. तो गप्प झालेला असताना हा विषय काढू नका, कारण तेव्हा ते सांगणे न राहता त्याला बोलते करण्याचा उपाय होऊन बसेल. त्याच्या गप्प होण्याविषयी एवढेच मागा की, गप्प राहायचे असेल तर राहा, पण परत कधी बोलशील ते सांगून जा.

रानवाट

मी त्या मुलाच्या जागी होतो, म्हणून लिहितो. आता मी २६ वर्षांचा आहे.

गप्प होणारा माणूस समोरच्याला शिक्षा करतो आहे, असे बाहेरून दिसते. काही जण तसे करतातही. माझ्या बाबतीत मात्र आतून सगळेच बधिर होत असे. माझ्यावर प्रेम करणारी मुलगी ‘तू मला फार आवडतोस’ असे म्हणाली, की पहिला अर्धा मिनिट मला आनंद होई आणि लगेच पोटात गोळा येई. आता हिला कधीतरी कळणार की माझ्यात एवढे काही नाही, मग ही जाणार, तर ते आजच संपलेले बरे, असे काहीतरी त्या गोळ्यात असे. तिने एकदा वाढदिवसाला मला एक पत्र दिले होते. ते मी पाच दिवस उघडलेच नाही, दप्तराच्या आतल्या कप्प्यात तसेच घेऊन फिरलो. मी ते नाकारले, असा तिचा समज झाला. खरे तर त्यात काहीतरी चांगले लिहिलेले असेल, याचीच मला भीती वाटत होती.

काठावरची यांनी वेळ सांगून गप्प राहण्याचा जो मार्ग सुचवला आहे, तो मलाही उपयोगी पडला, पण त्यातली एक अडचण सांगायलाच हवी. निशिगंध, तुमच्या मित्राला ‘दोन दिवसांत येतो’ असे सांगून फसवले गेले आहे. वेळ सांगणारा माणूस म्हणजे खोटे बोलणारा माणूस, असे त्याच्या मनात घट्ट बसलेले असू शकते, आणि आपणही तसेच निघालो तर, या भीतीने तो वेळ सांगायलाच तयार होणार नाही. माझ्या घरी वेगळे काही घडले होते, तरीही मला हे फार जड गेले. म्हणून सुरुवात अगदी लहान ठेवा. ‘आठवड्याने बोलू’ असे नको, ‘आज रात्री नऊला फोन करतो’ एवढेच असू द्या. पाळता येईल एवढाच शब्द त्याने द्यावा. आणि तो पाळला की त्याचे फार कौतुक करू नका, कारण कौतुकाने मला पुन्हा तोच गोळा येत असे. तिने नऊला फोन घेतला आणि साधे दिवसभराचे बोलली, तेच मला सर्वांत सोपे गेले.

आणखी एक सांगतो. तुमचे ११ वेळा विचारणे त्याला छळ वाटत असेल, असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला तसे वाटत नसे. मला वाटे की, मी हिला एवढे घाबरवले, म्हणजे मी वाईटच माणूस आहे, आणि मग मी आणखी लांब जात असे.

पारिजात

वरचे दोन्ही प्रतिसाद मनापासून लिहिलेले आहेत, पण मी दुसरी बाजू मांडते, कारण ती मांडली नाही तर मला स्वस्थ बसवणार नाही.

महाविद्यालयात असताना मी एका दुखावलेल्या मुलाच्या प्रेमात होते. त्याचे दुःख खरे होते. मी त्याच्या दुःखाची एवढी जाणकार झाले की, माझ्या वागण्याचे प्रत्येक माप त्याच्या भूतकाळाशी लावून पाहू लागले. त्याने माझा फोन तपासला, तर त्याला पूर्वी फसवले गेले आहे म्हणून. त्याने मैत्रिणींना भेटू दिले नाही, तर त्याला एकटे पडण्याची भीती आहे म्हणून. दोन वर्षांनी माझ्याकडे त्याच्या सगळ्या वागण्याची कारणे होती, आणि मैत्रीण एकही उरली नव्हती. वागण्यामागचे कारण कळले म्हणजे ते वागणे माफ झाले, असे नाही, हे मला फार उशिरा उमगले.

म्हणून थेट विचारते. तो तुमचा फोन मागतो का? तुम्ही कोणाशी बोलावे हे ठरवतो का? चारचौघांत तुम्हाला कमी लेखतो का? गप्प राहून तुमच्याकडून हवे ते करवून घेतो का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर वरचे सगळे सल्ले बाजूला ठेवा आणि आधी एखाद्या विश्वासातल्या मोठ्या माणसाशी बोला. उत्तर ‘नाही’ असले, तरी तुमच्या झोपेची, अभ्यासाची आणि मैत्रिणींची काळजी त्याच्याइतकीच घ्या. तो महाविद्यालयातल्या समुपदेशकाकडे जायला तयार असेल तर उत्तम, पण त्याची वाट न पाहता तुम्ही स्वतःसाठी जाऊ शकता.

निशिगंध

पारिजात, तुमचे प्रश्न मी रात्री वहीत उतरवले आणि प्रामाणिकपणे उत्तरे लिहिली. चारही उत्तरे ‘नाही’ अशी आली. चौथ्या प्रश्नावर मी बराच वेळ थांबले होते. तो गप्प राहून माझ्याकडून काही मिळवत नाही, उलट गप्प असतानाही त्याच्या वाट्याचे प्रकल्पाचे काम वेळेवर पाठवतो. पण मैत्रिणींबद्दल तुम्ही लिहिले ते मला लागले. त्या तीन दिवसांत मी कोणाशीच धड बोलत नाही. हे त्याने सांगितलेले नाही, मीच तसे करते.

रानवाट, तुमच्या उत्तराने मला हायसे वाटले आणि वाईटही वाटले.

दवबिंदू

पुन्हा पुन्हा विचारण्याच्या सवयीबद्दल थोडे लिहिते, कारण ती मलाही होती. मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉयन यांनी १९७६ मध्ये नैराश्यातल्या माणसांबद्दल एक निरीक्षण मांडले होते. असा माणूस दिलासा मागतो, जवळचे लोक तो देतात, पण ते मनापासून बोलत आहेत का अशी शंका त्याला येते आणि तो पुन्हा मागतो. हळूहळू देणाऱ्याच्या आवाजात कंटाळा उतरतो आणि मागणाऱ्याला वाटते की, आपली शंका खरीच होती. तुम्हाला नैराश्य आहे असे मी म्हणत नाही, पण हे चक्र ओळखीचे वाटेल.

मला ज्याचा उपयोग झाला ते असे. डेनिस मॅरिगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, स्वतःविषयी कमी विश्वास असलेल्या लोकांना जोडीदाराने केलेले एखादे कौतुक आठवायला सांगितले होते. तो नेमके काय म्हणाला एवढेच लिहिणाऱ्यांना फारसा फरक पडला नाही. त्याला आपल्यातले काय आवडले आणि त्याचा नात्यासाठी काय अर्थ होतो, हे ज्यांनी लिहिले, त्यांना मात्र नात्यात अधिक सुरक्षित वाटले. तो तुमचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतो, असे तुम्ही लिहिले आहे. ‘रागावला नाहीस ना’ असे टाइप करावेसे वाटेल तेव्हा फोन बाजूला ठेवून, तो थांबतो त्याचा अर्थ काय, हे कागदावर लिहून पाहा. तो कागद कोणाला दाखवायचा नाही, हवे तर फाडून टाकायचा. जिन्यावरून उतरताना गेलेले लिहिणे कदाचित या वाटेने परत येईल.

निशिगंध

पाच आठवड्यांनी परत लिहिते आहे. कोणाला उत्सुकता असेल म्हणून, आणि आभार मानायचे होते म्हणूनही.

मी त्याला जिन्याचा प्रसंग सांगितला. ग्रंथालयाच्या मागच्या बाकावर आम्ही बसलो होतो. मला फक्त ऐकणारे कोणी हवे आहे, हे आधी सांगितले. ते वाक्य मात्र मला त्याच्यासमोर उच्चारता आले नाही, फक्त एक वाक्य होते असे म्हणाले. त्याने ते विचारले नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘म्हणून तू मेसेज पुसतेस का? टाइप करते आहेस असे दिसते आणि मग काहीच येत नाही.’ त्याने हे पाहिलेले असेल, असे माझ्या मनातही आले नव्हते.

वेळ सांगण्याबद्दल मी बोलले, तेव्हा रानवाट यांनी लिहिले होते तसेच झाले. तो पटकन म्हणाला, ‘मी वेळ सांगणार नाही.’ मी आग्रह केला नाही. दोन दिवसांनी तो आपणहून म्हणाला की, उद्या पहिल्या तासाआधी बोलतो, आणि तो बोलला. त्यानंतर दोनदा तो गप्प झाला, दोन्ही वेळा वेळ सांगून. एकदा ती वेळ टळली आणि मी रात्रभर जागी राहिले. सकाळी त्याने कारण न देता माफी मागितली. मी रागावले आहे हे मी त्याला स्पष्ट सांगितले, आणि रागावल्याचे सांगूनही आमचे काही तुटले नाही, हे माझ्यासाठी नवे होते. समुपदेशक मॅडमकडे मी तीनदा जाऊन आले आहे. तो अजून गेलेला नाही. ‘रागावला नाहीस ना’ मी अजूनही विचारते, मागच्या आठवड्यात तीनदा विचारले. आणि दर रविवारी मी मैत्रिणींना भेटते, तो बोलत असो वा नसो.

या गुरुवारी त्याने संध्याकाळी पाचची वेळ दिली होती. मी पावणेपाचलाच जाऊन थांबले होते. पाचला दहा मिनिटे कमी असताना मेसेज आला, ‘बस चुकली. पाच वीसला पोहोचतो.’ मी ‘बरं’ असे लिहिले आणि न पुसता पाठवले. पाच वाजून अठरा मिनिटांनी तो फाटकातून आत येताना दिसला, जवळजवळ पळतच.